दोन निळ्या गिटारी आणि बेसची जागा

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, द्रौपदाबाई झिपरू सुरवाडे, वय सत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अक्षरात लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. डोके जागेवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मला अडीचकीचा पाढा विचारावा आणि मग स्वतः म्हणून दाखवावा. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही, आणि मला धाक दाखवेल असे माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचे आहे.

खरे तर वकिलांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात घर, ठेवी, सोने सगळे व्यवस्थित होते. माझ्या दोन बेस गिटारींची नोंद मात्र ‘इतर किरकोळ जंगम वस्तू’ अशी होती, गॅस शेगडीच्या खाली आणि पाण्याच्या टाकीच्या वर. मी मसुदा परत केला, चहाला थांबले नाही, आणि घरी येऊन स्वतः लिहायला बसले.

कलम १. माझी माणसे.

माझे पती कालकथित झिपरू गोविंदा सुरवाडे, मूळचे पिंपळनेर, तालुका साक्री येथले. ते ‘उजेड गायन पार्टी’चे संस्थापक आणि मुख्य गायक होते. गावोगावच्या जयंतीला त्यांनी भीमगीते गायली आणि गात गातच म्हातारे झाले. ते जाऊन काही वर्षे झाली. माझा मुलगा राजदीप पुण्याला कंपनीत आहे. मुलगी प्रज्ञा धुळ्याला दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची मुलगी समीक्षा तिथेच कॉलेजात शिकते. माझ्या दिराचा मुलगा प्रशील कीबोर्ड वाजवतो आणि आता पार्टी तोच चालवतो. या चौघांशिवाय माझ्या मिळकतीवर कोणाचाही हक्क नाही. लांबचे नातेवाईक भाषणाला आले तर त्यांना जेवू घालावे आणि गाडीत बसवून द्यावे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रज्ञाने करावी. राजदीप मोठा आहे, पण तो कागद हातात घेतला की आधी चष्मा शोधतो आणि मग सबब.

कलम २. घर.

पिंप्राळ्यातले घर माझ्या एकटीच्या नावावर असून ते माझ्या पगारातून बांधलेले आहे. राजदीपच्या बाबांची कमाई टाळ्यांची होती आणि टाळ्यांनी भिंत उभी राहत नाही, हे मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते हसायचे आणि त्याच टाळ्यांची पुढची तारीख सांगायचे. घर राजदीप आणि प्रज्ञा यांना समान वाट्याने मिळावे. पुढची खोली मात्र भाड्याने देऊ नये. पार्टीचा सराव तिथे होतो आणि पार्टी आहे तोवर तिथेच व्हावा.

चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस मोकळा प्लॉट, उत्तरेस विहाराकडे जाणारी बोळ, पश्चिमेस अभिमननाना पाटील यांचे घर. मी सराव करते तेव्हा त्यांच्या फडताळातली भांडी वाजतात अशी नानांची जुनी तक्रार आहे. त्यांच्या मुलाच्या, नवलच्या हळदीला स्पीकर मागायला मात्र ते माझ्याच दारात आले आणि मी दिलेही. भांडी अजून वाजतात. त्यांनी फडताळ सरकवावे. मी गिटार सरकवली नाही आणि माझ्यामागेही कोणी सरकवू नये.

कलम ३. ठेवी, दागिने, पुस्तके.

ठेवी दोघा मुलांना समान. दागिने प्रज्ञाला. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला, पण त्यांनी कपाटाला कुलूप लावून ठेवायची असतील तर देऊ नयेत. यात भांडण्यासारखे काही नाही म्हणून हे कलम एवढेच. भांडण पुढे आहे.

कलम ४. बेस माझ्याकडे कसा आला.

हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही असे वकील म्हणाले. गरज आहे. मालकी कुठून आली ते लिहिल्याशिवाय वाटप कसे करणार?

पार्टीत बेस गिटार आधी चिंधा वाजवायचा. सावद्याची जयंती तोंडावर आली आणि चिंधा कोणाला न सांगता सुरतेला कामाला निघून गेला. सावदा माझे माहेर. माझे वडील तिथे केळीच्या वखारीत घड वाहायचे. राजदीपचे बाबा डोक्याला हात लावून बसले, म्हणाले कार्यक्रम रद्द करावा लागेल. मी तेव्हा कोरसमध्ये उभी राहायची आणि मला पेटी येत होती. मी म्हटले, चार तर तारा आहेत. सूर तेच आहेत, नुसते जिना उतरून खाली येऊन बसलेत. बोटांना फोड आले, फोड फुटले, त्यावर हळद लावली आणि मी सावद्याला वाजवले. माझे वडील पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, “ते जमिनीतून येत होतं, ते तू करत होतीस?”

हो म्हटले. तेव्हापासून ते मीच करते आहे.

चिंधा पुढे सुरतेहून परत आला आणि आपली जागा मागू लागला. जागा भरली आहे, असे मी त्याला सांगितले. त्याला माझा जय भीम कळवावा आणि जागा अजूनही भरलेलीच आहे असेही कळवावे.

एक जुना हिशेब इथेच मिटवते. वर्षानुवर्षे गावोगावचे निवेदक माइकवर सगळ्यांची नावे घ्यायचे. ढोलकीवर अमुक, कीबोर्डवर तमुक, आणि माझी पाळी आली की ‘बेसवर सौभाग्यवती झिपरूभाऊ’. मला आईबापांनी नाव ठेवलेले आहे. शाळेच्या हजेरीपटावर ते रोज होते. आणि मला उभे कुठे करायचे? स्पीकरच्या खोक्यामागे, ढोलकीवाल्याच्या आडोशाला. बाईमाणूस एवढी मोठी गिटार घेऊन पुढे बरे दिसत नाही, असे एका गावच्या उत्सव समितीने सांगितले आणि मग तीच रीत पडली. राजदीपच्या बाबांना ते कधी पटले नाही. मी म्हणायची, मला दिसायचे नाही, ऐकू यायचे आहे.

कलम ५. शिसवी गिटार.

पार्टीच्या जुन्या गिटारीची मान विळ्यासारखी वाकली तेव्हा आम्ही नवी घ्यायला इंदूरला गेलो. दुकानात एकाच कंपनीच्या, एकाच घाटाच्या तीन बेस गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला तिन्ही एकच. पहिलीला तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप आणि बटणांची रांग. ती मी लगेच बाजूला ठेवली, कारण बटणे जितकी जास्त तितके येताजाता पिळणारे जास्त. उरलेल्या दोघींत फरक एकच. ज्या पट्टीवर बोटे ठेवून तारा दाबतात ती एकीची शिसवी होती, काळसर. दुसरीची मेपल या विलायती लाकडाची, गायीच्या लोण्यासारखी पिवळी.

दुकानदार सांगू लागला की मेपल खणखणीत बोलते, शिसम गोड बोलते. माणसे लाकडाबद्दल बोलू लागली की स्थळे सांगितल्यासारखी बोलतात. मी स्टूल ओढले आणि एकच चाल दोन्हींवर आळीपाळीने वाजवत बसले. दुकानदाराचे जेवण झाले, त्याची झोप झाली, मी वाजवतच होते. माझा निकाल असा: कानाला फरक आहे, पण एकाच पातेल्यातल्या चहाच्या दोन कपांत असावा तेवढा. खरा फरक बोटांना आहे. मेपलच्या पट्टीवर वार्निश असते. आमचे सगळे कार्यक्रम एप्रिलमधले, आणि जळगावचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. घामाचे बोट वार्निशवर चिकटते. सरकायच्या जागी अडखळते. शिसवीची पट्टी उघडी असते, ती घाम पिते. उन्हाळ्यात ती सुकते आणि पट्टीत आडव्या ठोकलेल्या फ्रेटच्या तारांची टोके बाहेर येऊन बोचतात हे खरे, पण ती आमचा सुतार निंबा मिस्तरी कानशीने घासून देतो आणि मी फडक्याने जवसाचे तेल लावते. तिची एवढीच तक्रार.

राजदीपच्या बाबांना पिवळी हवी होती. दुकानदारासमोर ते माझ्याशी भांडले. रागावले की ते पिंपळनेरचे होत, अहिराणी बोलू लागत. म्हणाले, “बठ्ठा लोके माले देखतस, तुले कोनी देखस नही. पिवळी ले. तू दिसनी पाहिजे.”

मी शिसवी घेतली. आजही तीच घेतली असती.

त्या गिटारीने काय केले ते पार्टीला माहीत नाही, म्हणून लिहिते. राजदीपच्या बाबांनी सावद्यासाठी जे पहिले गाणे बांधले होते, त्याच्या दुसऱ्या कडव्याची सुरुवात ते विसरायचे. स्वतःच लिहिलेली ओळ! पहिल्यांदा हे पिंपळनेरला झाले, त्यांच्या स्वतःच्या गावात, भाऊबंद समोर बसलेले. कडवे आले आणि माणूस गप्प. त्यांच्या मानेवरून मला कळले. मी चाल पुढे नेलीच नाही, तिथल्या तिथे फिरवत राहिले. ढोलकीवाला माझ्यामागे आला. लोकांना वाटले, काय सुंदर जागा बांधली आहे. दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांना ओळ आठवली. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी मी दोन फेऱ्या जादा वाजवल्या. त्यांनी मला कधी थँक्यू म्हटले नाही आणि मी कधी टोमणा मारला नाही. आमच्या संसारात टोमणे पुष्कळ होते, पण त्या जागेवर नाही.

कलम ६. मेपल गिटार, आणि योगराजने केलेला पराक्रम.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ घेऊन घरी आले, तर दिवाणावर लांब काळी पेटी. आत तीच पिवळी. म्हणजे अगदी तीच नव्हे, पण कंपनी अजून तोच साचा काढत होती. राजदीपचे बाबा एकटे इंदूरला जाऊन ती घेऊन आले होते आणि आता खिडकीशी पेपर वाचत बसले होते, उलटा. हट्टी माणूस. मी म्हटले, एवढ्या वर्षांनी हरलेला खटला परत चालवता काय? त्यांनी पेपर सुलटा केला. हिवाळ्याच्या कार्यक्रमांना मी मेपल वाजवू लागले, एप्रिलमध्ये शिसवी.

मग पार्टीला तीस वर्षे झाली. आमच्यात जयंतीच्या आधी सगळे रंगते: घर, ओटा, पंचशील ध्वजाची काठी, स्पीकरची खोकी. त्या वर्षी राजदीपच्या बाबांनी ठरवले की वाद्येसुद्धा निळी. योगराज पेंटर आमच्या गल्लीतला, ट्रॉल्या रंगवतो आणि फर्निचरला पॉलिश मारतो. त्याच्याकडे दोन्ही गिटारी दिल्या. त्याने दोघींची अंगे सुंदर निळी केली. कंपनीचे नावही रंगाखाली गेले. आणि मेपलची पिवळी पट्टी पाहून त्या भल्या माणसाला वाटले की ही बिचारी पॉलिश करायची राहून गेली आहे, कच्चे लाकूड तसेच विकले आहे. त्याने ती पॉलिशपेपरने घासली, वर काळे पॉलिश मारले आणि मोठ्या आनंदाने आणून दिली. म्हणाला, “बाई, दुकानदारानं फसवलं होतं तुम्हाला. मी सारखं करून दिलं, पॉलिशचे वेगळे पैसे घेणार नाही.”

मला हसावे की त्याला मारावे कळेना. राजदीपचे बाबा मात्र आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. अशा रीतीने दोन्ही गिटारी दिसायला हुबेहूब एक झाल्या. तेव्हापासून कोणती शिसवी आणि कोणती मेपल हे माझ्या बोटांखेरीज कोणाला ठाऊक नाही.

योगराजला मी माफ केले आहे. याच्या खाली साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे. त्याने हे कलम वाचले आणि तो अजून म्हणतो की कच्चेच लाकूड होते.

कलम ७. वाद.

राजदीपला मेपल हवी आहे. त्याला ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लावायची आहे, वर छोटा दिवा सोडून, बाबांनी आईला दिलेली भेट म्हणून. भावना चांगली आहे, पण गिटार भिंतीवर टांगणे म्हणजे चालत्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवणे. प्रशीललाही मेपलच हवी आहे. तो घरी रेकॉर्डिंग करतो आणि त्यात मेपल ‘कापत जाते’ असे त्याचे म्हणणे. दोघेही मेपलच्या आवाजाबद्दल तासभर बोलू शकतात.

याहून मोठी गोष्ट वेगळी होती. प्रशीलने ठरवले की पुढच्या जयंतीपासून बेस गिटारीवर वाजवायचाच नाही. कीबोर्डवर डाव्या हाताने तो स्वतःच भरून काढेल. माझी बोटे आता तासभर टिकत नाहीत हे त्याने पाहिले होते, त्याबद्दल राग नाही. पण समीक्षा आहे ना! कॉलेजात गेल्यापासून ती शनिवारी एसटीने धुळ्याहून माझ्याकडे येते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत वाजवते. तिच्या बोटांना माझ्यासारखेच घट्टे पडले आहेत. पार्टीची सगळी गाणी तिला येतात. ती एकच गोष्ट मागत होती, जयंतीला बेसवर उभे राहण्याची.

प्रशील मला म्हणाला, “मोठीआई, पोरगी गुणी आहे, पण उद्या तिचं लग्न होईल, ती जाईल. पार्टीनं परत बेसवाला शोधत फिरायचं का?”

मी म्हटले, “माझंही लग्न झालं होतं. म्हणूनच तुमच्या पार्टीला बेस मिळाला.”

त्याला ते पटले असे दिसले नाही. समीक्षा स्वयंपाकघरात होती, तिने ऐकले होते. ती त्या रविवारी लवकर निघाली. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. प्रज्ञाचा फोन आला की पोरगी गिटारचे नावच काढत नाही. मला शाळेतली वर्षे आठवली. वर्गातली हुशार पोरगी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसली की तिला पुढे आणायला फार त्रास पडतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी मी सगळ्यांना घरी बोलावले. राजदीप पुण्याहून आला. समीक्षाला प्रज्ञाने जवळजवळ ओढतच आणले. मी दोन्ही गिटारी घेऊन आतल्या खोलीत बसले आणि मधला पडदा ओढून घेतला. सांगितले की एकच चाल आधी एका गिटारीवर वाजवीन, मग दुसरीवर. मेपल कोणती ते तुम्ही सांगायचे. जो बरोबर सांगेल त्याचे म्हणणे मी आधी ऐकेन.

पहिल्यांदा वाजवले. मग उठले, पेटीचे झाकण आपटले, पट्ट्याची कडी वाजवली, खुर्ची सरकवली, खोकले आणि दुसऱ्यांदा वाजवले. मी शाळेत आयुष्यभर स्नेहसंमेलने बसवलेली बाई आहे.

राजदीप म्हणाला, पहिली मेपल. एकदम स्वच्छ, काचेसारखी. दुसरी जरा बसलेली वाटली. प्रशील म्हणाला, छे, दुसरी मेपल. पहिली उबदार होती, दुसरीत धार होती. दोघांची जुंपली. समीक्षा भिंतीला टेकून बसली होती. मी पडद्याआडून विचारले, तुला काय वाटते गं? मग म्हणाली, “आजी, तू गिटार बदललीच नाहीस.”

तिचा मामा, राजदीप, हसला. प्रशील हसला नाही. तो वाजवणारा माणूस आहे. कशावरून, असे त्यानेच विचारले. ती म्हणाली, “बारीक तार दोन्ही वेळा केसभर उतरलेली होती. दुसरी गिटार असती तर तीही नेमकी तेवढीच कशी उतरेल?”

मी पडदा सारला. मेपल पेटीतच होती, झोपलेली. दोन्ही वेळा मी शिसवीच वाजवली होती, आणि बारीक तार मीच उतरवून ठेवली होती.

प्रशीलने दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले, खरोखरचे, आणि माझ्यासमोर नाही, समीक्षासमोर. राजदीप चहा येईपर्यंत फुगून बसला. आणि मी? माझी छाती अशी भरून आली की गुडघे दुखायचे विसरले. माझ्या शाळेतली मुले डॉक्टर झाली, तहसीलदार झाली, सगळ्यांचा मला अभिमान आहे. पण असा नाही.

मग मी समीक्षाला विचारले, सांग, दोघींतली कोणती घेशील? ती शिसवीच म्हणेल हे मी धरून चालले होते. जवसाच्या तेलाची बाटलीसुद्धा काढून ठेवली होती. ती म्हणाली, मेपल.

मला राग आला. खोटे कशाला लिहू. मी तिला जळगावचा एप्रिल सांगितला, घाम सांगितला, वार्निश सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “चिकटू दे. पण तिचं काळं पॉलिश काढायचं, परत पिवळी करायची. मी खोक्याच्या मागे उभी राहणार नाही, मधोमध राहीन. आजी, मी दिसनी पाहिजे.”

इंदूरच्या दुकानातले भांडण मी आजवर कोणाला सांगितलेले नव्हते. राजदीपच्या बाबांनीही नाही, हरलेली गोष्ट ते कशाला सांगतील. मी स्वयंपाकघरात गेले आणि नुकताच सगळ्यांचा झालेला चहा परत टाकला. मला रडू आले होते.

कलम ८. गिटारींचे वाटप.

मेपल गिटार समीक्षाची. हा खटला शेवटी राजदीपच्या बाबांनी जिंकला. मला तो निकाल मान्य आहे. ओळख अशी की जिच्या बुडाशी पट्ट्याच्या खुंटीजवळ रंगाचा टवका उडालेला आहे ती शिसवी आणि जिला टवका नाही ती मेपल. निंबा मिस्तरीने तिच्या पट्टीवरचे काळे पॉलिश हाताने उतरवून द्यावे. मशीन लावू नये. वर पुन्हा वार्निश मारू नये, उघडीच ठेवावी. कालांतराने ती बोटांच्या घामाने मळेल. मळू द्यावी. मळ समीक्षाचा असेल. योगराजने त्या दिवशी निंबाच्या दुकानाजवळ फिरकू नये.

शिसवी गिटार पार्टीची. ती प्रशीलने सांभाळावी, विकू नये, टांगू नये. पिंप्राळ्यातल्या ज्या कोणाला शिकायचे असेल त्याला ती पुढच्या खोलीत वाजवू द्यावी, मुलगी असेल तर आधी. तेल दरवर्षी जयंतीनंतर.

राजदीपला त्याच्या बाबांचा माइक आणि स्टँड. भिंतीवर दिवा सोडायचाच असेल तर त्याखाली तो माइक शोभेल. तो बोलायचा थांबला आहे, त्याला टांगायला हरकत नाही. राजदीप, तू रुसू नकोस. तुझा कान बाबांवर गेला आहे. त्यांनाही स्वतःच्या आवाजापलीकडचे ऐकू यायचे नाही, आणि तरी लोक त्यांच्यावर जीव टाकायचे.

कलम ९. पार्टीचे साहित्य आणि त्यामागची अट.

स्पीकर, ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि ‘उजेड गायन पार्टी’ हा फलक माझ्या मालकीचा आहे. हे सर्व मी प्रशीलला देते, एका अटीवर. जयंतीला बेस तारांवरच वाजेल, आणि समीक्षाला हवे तोवर तो समीक्षा वाजवील. लग्न झाले तरी, कोणत्याही गावाला गेली तरी. तिच्या येण्याजाण्याची सोय पार्टीने करावी. तिने स्वतःहून सोडला तर शिसवीवर शिकलेल्या कोणाकडेही तो जावा, पण कीबोर्डच्या डाव्या हाताकडे नाही. ही अट मोडल्यास सर्व साहित्य अभिमननानांच्या नवलला देऊन टाकावे. तो ते हळदीत वाजवील आणि सबंध पिंप्राळा प्रशीलला नावे ठेवील.

प्रशीलने हे कलम वाचून मान हलवली आहे. त्याने शब्द दिला आहे आणि तो शब्दाचा पक्का आहे. त्याला मी पहिलीत अक्षरे शिकवली आहेत. तरी लिहून ठेवलेले बरे.

कलम १०. माझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम.

वंदना व्हावी, जेवण साधे असावे, भाषणे थोडी. ज्यांना माझी स्तुती करायची असेल त्यांनी माझ्या हयातीत यावे, मी संध्याकाळी घरीच असते.

शेवटी एकच गाणे व्हावे, राजदीपच्या बाबांचे सावद्याचे. समीक्षाने पिवळी गिटार घेऊन मधोमध उभे राहावे. प्रशीलने माइकवर तिचे स्वतःचे नाव घ्यावे: बेसवर, समीक्षा. अमक्याची नात, तमक्याची मुलगी असे काही जोडू नये. मग त्याने कीबोर्ड बंद करावा आणि खाली येऊन बसावे. ढोलकी नको, कोरस नको, कोणी गायचे नाही. समीक्षाने फक्त बेस वाजवावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे गाणे अर्ध्या खान्देशला पाठ आहे, पण त्याच्या खाली काय चालले होते ते कोणी कधी सुटे ऐकलेले नाही. एकदा ऐकू द्या.

दुसरे कडवे आले की समीक्षाने पुढे जाऊ नये. तिथे दोन फेऱ्या जादा वाजवाव्यात, मी वाजवत आले तशा. त्यांना ओळ आठवेपर्यंत थांबावे. मग पुढे जावे.

याआधी मी तोंडी कोणाला काही कबूल केले असेल तर ते आता धरू नये. जे खरे ते या कागदावर आहे. हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव, पुढची खोली.
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार.

सही: द्रौपदाबाई झिपरू सुरवाडे
(पूर्ण नाव. निवेदकांनी नोंद घ्यावी.)

साक्षीदार १: योगराज भिका कोळी, पेंटर, राहणार पिंप्राळा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. कलम ६ मधले लाकूड कच्चेच होते.

साक्षीदार २: निंबा दगडू मिस्तरी, सुतारकाम, राहणार पिंप्राळा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मेपल गिटार काळे पॉलिश उतरवायला आजच दुकानात घेऊन जात आहे. बाई म्हणतात, आपण असतानाच ती एकदा पिवळी पाहायची आहे, आणि पोरगी येत्या शनिवारी येते आहे.